रात्री नऊला नेट रडतं, त्यावर एफयूपी हे औषध नव्हे

आमच्याकडं सांगलीच्या विश्रामबागेत रात्रीचे नऊ वाजले की नेट रडायला लागतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्ट लावली तर ३०-३५, आणि पहाटे तोच आकडा ९५ च्या वर. केबलवाल्याला फोन केला की ठरलेलं उत्तर, "दादा, तुमचा वापर लई हाय." मला हे पटत नाही, कारण नऊची गर्दी वेगळी आणि महिन्याचा एकूण वापर वेगळा, आणि एफयूपीत (महिन्याचा ठरलेला डेटा संपला की स्पीड कमी करायचा नियम) मोजला जातो तो एकूण वापरच.

त्यांचा पोरगा खांबावरचा डबा उघडून बसला होता तेव्हा मी खाली उभा राहून बघितलं, केसासारखी बारीक एक फायबर आत येते आणि स्प्लिटरमधून आठ बाहेर पडतात. अशी वाटणी होत होत जीपॉनच्या (एकच फायबर अनेक घरांत वाटायचं तंत्र) एका पोर्टवर ३२ नाहीतर ६४ घरं बसतात आणि त्या सगळ्यांना मिळून डाउनलोडला साधारण २.५ जीबीपीएस. ६४ नं भागलं तर घरटी ३९ एमबीपीएस. तरी प्रत्येकाला १०० चा प्लॅन विकतात, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण स्पीड ओढत नाहीत, आणि यात मला काही गैर वाटत नाही, ट्रायनंही (टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी १:५० चं, म्हणजे एकाची क्षमता पन्नास जणांत वाटायचं प्रमाण सांगितलं होतं. खरी अडचण बऱ्याचदा त्याच्याही वर असते, म्हणजे ऑपरेटरनं वरच्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ किती घेतलीय तिथं. यूट्यूब नीट चालतं आणि बाकीच्या साइट अडकतात ना, ते यामुळंच होऊ शकतं, गूगलचे कॅशे सर्व्हर (व्हिडिओच्या प्रती साठवणारे) बऱ्याच कंपन्यांच्या नेटवर्कमध्येच बसवलेले असतात.

आता एफयूपी. बऱ्याच 'अनलिमिटेड' प्लॅनला महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, लहान ऑपरेटरकडं त्याहून कितीतरी कमी. शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा रात्री तीनला ८० जीबीचा गेम उतरवतो, तेव्हा लाइन मोकळी असते, कुणाचंच काही अडत नाही, पण मोजणीत ते ८० जीबी धरलेच जातात. आणि नऊला घराघरात मॅच लागते तेव्हा प्रत्येकाचे दोन-तीनच जीबी जातात, पण गर्दी होते ती त्यांनीच. मग महिनाअखेर त्या पोराचं नेट हळू करून नऊची गर्दी कशी कमी होणार सांगा?

अमेरिकेत कॉमकास्ट या केबल-इंटरनेट कंपनीनं बिटटोरेंट (मोठ्या फाइल आपसात वाटायची पद्धत) अडवलं म्हणून २००८ मध्ये एफसीसीनं, म्हणजे तिथल्या ट्रायनं, त्यांना झापलं, त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली, ज्या पोर्टवर गर्दी झालीय तिथंच त्या वेळी जास्त ओढणाऱ्याला थोडा वेळ मागं ठेवायचं, मग तो काहीही बघत असू दे. मला हे जास्त न्याय्य वाटतं. (२५० जीबीची मर्यादा मात्र त्यांनीही त्याच वर्षी लावली.)

सांगली-मिरजेत कुणी नवीन कनेक्शन घेत असेल तर एफयूपी किती आणि ती संपल्यावर स्पीड किती, हे आधी लिहून मागा. २०१६ मध्ये ट्रायनं सांगितलं होतं की मर्यादा संपल्यावरही स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही, पण तेवढ्यात पोरांचा ऑनलाइन क्लास धड चालत नाही, त्यामुळं निदान २ एमबीपीएस तरी देणार का ते विचारा, आणि शक्य असेल तर त्याच गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी रात्री नऊला जाऊन स्पीड टेस्ट लावून बघा.