खालचा कप्पा आणि वरणभात

दीड वर्षाच्या मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी महागड्या खेळण्यांपेक्षा स्वयंपाकघरातला खालचा कप्पा अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत झाले आहे. स्टीलचे डबे, त्यांची झाकणे, लाकडी चमचा आणि थोडे पाणी घातलेला टोप एवढ्यावर आमची लेक बराच वेळ रमते. वस्तू डब्यात टाकणे, ओतून काढणे आणि पुन्हा टाकणे यातूनच तिला आत-बाहेर, लहान-मोठे यांची जाण येत असते. (आवाज सहन करण्याची तयारी मात्र शेजाऱ्यांचीही लागते.) काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, त्यामुळे टोपाजवळ तिला क्षणभरही एकटे सोडत नाही आणि श्वासनलिकेत अडकू शकणारे शेंगदाणे, फुटाणे तिच्या हाती लागू देत नाही.

खरी कसोटी जेवणाच्या वेळी लागते. मोबाइल दाखवून घास भरवणे सोपे असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये. म्हणून आम्ही मऊ वरणभाताची वाटी तिच्यापुढे ठेवतो आणि निम्मा भात फरशीवर जाणार हे गृहीत धरून आधीच जुने वर्तमानपत्र अंथरतो.