तुम्ही कुठे बसला होतात?

मी गाण्याच्या कार्यक्रमांची परीक्षणं लिहिते, आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. कधी पत्रातून, कधी मध्यंतरात चहाच्या रांगेत. एकदा तर ठाण्यात तलावपाळीला फेरी मारताना मागून हाक आली, "ताई, त्या कार्यक्रमाला आम्हीही होतो. तुम्ही लिहिलंत तसं आम्हाला काही ऐकू आलंच नाही. तुम्ही नेमका कुठला कार्यक्रम ऐकलात?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि तो मला कळतो. शनिवारची संध्याकाळ, घरातल्या चौघांची तिकिटं, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून वेळेत पोचायची धडपड, आणि मनापासून आवडलेलं गाणं. दोन दिवसांनी कुणीतरी लिहितं की गाणं रंगलं नाही. वाईट वाटणारच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कार्यक्रम एकच होता, खुर्च्या वेगळ्या होत्या.

परीक्षण लिहिणाऱ्याला आयोजक पास देतात तो बहुतेक पहिल्या-दुसऱ्या रांगेचा. मान म्हणून. बघायला ती जागा उत्तम. तबलजीची बोटं दिसतात, गायिकेनं पेटीवाल्याला डोळ्यांनी केलेली खूण दिसते. ऐकायला मात्र ती जागा फसवी. मुख्य स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही कडांना, उंचावर असतात आणि त्यांचा रोख मधल्या रांगांकडे असतो. पुढच्यांच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो. त्यांच्या वाट्याला येतो तो कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचा, पाठीमागून येणारा आवाज आणि समोरचा उघडा तबला. काही ठिकाणी पुढच्या रांगांसाठी छोटे स्पीकर लावतात, पण सगळीकडे नाही. 'तबला चढला, आवाज दबला' हे वाक्य परीक्षणांत इतक्या वेळा येतं त्याचं एक कारण मला हेच वाटतं. त्याच वेळी बाराव्या रांगेत सगळं स्वच्छ पोचत असतं.

म्हणून मी तिकीट काढून जाते आणि जमेल तेव्हा साउंडवाल्याच्या टेबलाजवळची खुर्ची धरते. तो जे ऐकून बटणं फिरवतो, निदान तेच माझ्याही कानावर पडतं.

हे मी एका चुकीतून शिकले. ठाण्यातल्याच एका सभागृहात एका तरुण गायिकेचा कार्यक्रम होता, तिचा पहिलाच मोठा. मी पोचले उशिरा आणि बाल्कनीच्या खाली, अगदी मागच्या भिंतीला टेकून बसले. घरी येऊन लिहिलं की तिच्या ताना अस्पष्ट आहेत, त्यांतले सूर दाण्यांसारखे सुटे पडत नाहीत. आठवड्यानं एका बाईंचं पत्र आलं. त्या सातव्या रांगेत होत्या. रागावल्या नव्हत्या, एवढंच लिहिलं होतं की द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या बंदिशीच्या दुसऱ्या आवर्तनातली सरळ उतरती तान त्यांनी सुराला सूर मोजत ऐकली. मी त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळवलं. तान मोत्यांसारखी होती. बाल्कनी खोल असेल तर तिच्याखाली सभागृहाचा घुमारा नीट पोचत नाही, वरची टोकदार धारही बोथट होते. जागेचा दोष मी गळ्याच्या नावावर लिहिला होता. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, पण आधीचा मजकूर तिच्या घरच्यांनी वाचलेला होता. ती बोच अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये.

मोठ्या मैदानावर तर हा फरक मोजताच येतो. २०२५ च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. त्यानंतर बरेच दिवस नवी मुंबईच्या वाचकांनी मला विचारलं की पडद्यावर दिसणारी ड्रमवरची काठी आणि कानावरची थाप जुळत का नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचापासून १०० मीटरवर बसलात तर थाप दिसल्यानंतर जवळजवळ ०.३ सेकंदानं ऐकू येणार, कुठल्याही मैदानात, कुठल्याही बँडची. मध्ये स्पीकरचे मनोरे उभारले तरी त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच मागे ठेवावा लागतो, नाहीतर पुढून येणाऱ्या आवाजाशी त्याची टक्कर होऊन सगळाच चिखल होतो. ०.३ सेकंद म्हणजे किती? द्रुत तीनतालात एक मात्रा त्याहून लहान असू शकते. समोरचा श्रोता समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद देतो, मागचा पुढच्या मात्रेवर, आणि दोघांचीही दाद खरी असते.

"अल्बमचं तरी तसं नाही ना?" असं ऐरोलीच्या एका काकांनी विचारलं होतं. मी एका ख्यालाच्या अल्बमबद्दल लिहिलं होतं की बायाँ, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा डग्गा, फार सुंदर बोलतो, आणि त्यांचं म्हणणं, बायाँ आहेच कुठे? विचारता विचारता कळलं की ते फोनच्या स्पीकरवर ऐकत होते, लोकलमध्ये, ठाण्याहून वाशीला जाताना. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो मूळ नाद जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरच्या छटांवरून कान तो मनानं भरून घेतो. त्यात गाडीची घरघर नेमकी खालच्याच पट्टीतली, ती बायाँचा उरलासुरला घुमाराही गिळते. काकांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या डब्यात बायाँ खरंच नव्हता. तेव्हापासून मी कुठलाही अल्बम घरच्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि एकदा तरी लोकलमध्ये ऐकते, आणि जे लिहिलं ते कशावर ऐकून लिहिलं तेही सांगते.

मग परीक्षणाला अर्थ काय, असं विचाराल. पुष्कळ गोष्टी खुर्ची बदलली तरी बदलत नाहीत. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागला की निसटला, तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर आली की अर्धी मात्रा अलीकडे पडली, अभंगातला शब्द तोडला की जपला, संथ विलंबित उरकून टाकून गायक द्रुताकडे टाळ्यांसाठी धावला का, हे बाल्कनीतूनही कळतं. त्याबद्दल मी ठामपणे लिहीन आणि तुम्हाला आवडलं नाही तरी मागे घेणार नाही. गायक पं. राम मराठे ज्या शहरात राहिले, ज्यांच्या नावाचा महोत्सव इथली महानगरपालिका भरवते, त्या ठाण्यातल्या श्रोत्यांना गुळमुळीत लिहून द्यायची मला लाज वाटेल. पण आवाज गढूळ होता की स्वच्छ, साथ चढली की बेताची होती, एवढ्यापुरतं माझं म्हणणं एका खुर्चीचं म्हणणं आहे. म्हणून हल्ली प्रत्येक परीक्षणाच्या सुरुवातीला मी माझी रांग लिहिते.

पुढच्या शनिवारी गडकरी रंगायतनला कार्यक्रम आहे. या वेळी बाल्कनीचं तिकीट काढलंय. मध्यंतरानंतर खाली रिकामी खुर्ची दिसली तर उतरेन. तुम्हीही असाल तर नंतर जरूर लिहा, माझ्याशी भांडा, फक्त पत्रावर तारखेच्या खाली तुमच्या खुर्चीचा नंबर घाला.