जुन्या डोंबिवलीत घर बघताना

एजंट लोक जुनं घर दाखवतात ना, ते बरोब्बर उलट्या क्रमाने दाखवतात. आधी फ्लॅट, मग "बघा किती हवेशीर आहे", मग गॅलरी, मग नवीन टाइल्स, आणि कागदपत्रांचं विचारलं की "सगळं क्लिअर आहे हो, टेन्शन घेऊ नका". माझं म्हणणं असं की जुन्या एरियात फ्लॅट सगळ्यात शेवटी बघावा. आधी बिल्डिंगीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे ते, मग सोसायटीची माणसं कशी आहेत ते, मग पाणी आणि रस्ता, आणि एवढं पास झालं की मग खुशाल टाइल्स बघा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण आणि तिचा नवरा डोंबिवलीत घर शोधतायत. बजेट ४५ लाख, फार ताणलं तर ४८. ती दादरला नोकरीला, तो घाटकोपरला, म्हणजे सेंट्रल लाइन सोडायचा प्रश्नच नाही. मी रामनगरला जुन्या बिल्डिंगीत राहते म्हणून प्रत्येक वेळी "ताई तू चल ना, तुला कळतं" करत मला घेऊन जातात. त्यांच्यापुढे पर्याय दोनच प्रकारचे, एक तर नांदिवली, मानपाडा, सोनारपाड्याच्या बाजूला नवी बिल्डिंग, लिफ्ट, पार्किंग, गेटवर वॉचमन, किंवा मग स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर अशा ठिकाणी ऐंशीच्या दशकातली तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, पार्किंग म्हणजे रस्त्याची कड.

पहिल्या भेटीत नवंच आवडणार, साहजिक आहे. पण नवं म्हणजे कागद चोख असं डोंबिवलीत तरी कुणी समजू नये. याच बाजूची २७ गावं २००२ मध्ये कल्याण-डोंबिवली पालिकेतून बाहेर काढली आणि २०१५ मध्ये परत आत घेतली, आणि मधल्या काळात तिथे ग्रामपंचायतीच्या कागदावर काय काय उभं राहिलं ते इथल्या कुणालाही विचारा. चार-पाच मजली इमारतीला ग्रामपंचायतीची परवानगी पुरत नाही हे लोकांना घर घेतल्यावर कळलं. बरं ते जुनं झालं म्हणाल तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने ज्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला त्यांच्याकडे रेराचा (म्हणजे सरकारकडे प्रकल्पाची नोंदणी झाल्याचा) नंबर होता की! पालिकेची खोटी परवानगी जोडून नंबर मिळवलेला, आणि लोकांनी तो नंबर बघून लोन काढून घरं घेतली. म्हणून रेरा नंबर मिळाला तरी बांधकाम परवानगी पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळायची, कंटाळा आला तरी.

आता जुन्याकडे. जुन्या बिल्डिंगीत पहिला प्रश्न एकच, कन्व्हेयन्स झालंय का. म्हणजे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली का. मोफा, म्हणजे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांसाठीचा कायदा, १९६३ चा आहे आणि त्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत हे व्हायला हवं, पण चाळीस वर्षं झाली तरी न झालेल्या सोसायट्या आपल्याकडे ढिगाने आहेत. बिल्डर गेला, मूळ जमीनमालक गेला, त्याची मुलं कुठे कुठे पांगली, आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. यावर उपाय आहे, मानीव अभिहस्तांतरण, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून सोसायटी एकतर्फी करून घेऊ शकते. पण त्यासाठी कमिटीत धावपळ करणारं कुणीतरी लागतं आणि वकिलाची फी गोळा करायची वेळ आली की सगळ्यांना आठवतं की आपण तर भाड्याने दिलंय. बघणं अगदी सोपं आहे, सर्व्हे नंबर घ्या आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन काढा. सोसायटीचं नाव असेल तर अर्धी लढाई जिंकली. नसेल तर भाव पाडून मागा, आणि उद्या रिडेव्हलपमेंट होणार म्हणून कुणी चढा भाव सांगत असेल तर हसून चहा प्या आणि निघा.

रिडेव्हलपमेंटच्या गोष्टी तर प्रत्येक जुन्या घराबरोबर फुकट मिळतात. "मॅडम बिल्डर फायनल झालाय, पस्तीस टक्के एरिया जास्त देतोय." ठीक आहे, मग जनरल बॉडीचे मिनिट्स दाखवा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती आणि सगळी ठरलेली प्रक्रिया लागते, सभा, त्याचं व्हिडिओ शूटिंग, उपनिबंधकांचा प्रतिनिधी. "बोलणी चालू आहेत" याला काही किंमत नाही. त्यात समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) यांना कात्री लागते, म्हणजे बिल्डरला त्यात रसच उरत नाही. आणि तळमजल्याला दुकानं असतील तर अजून वेगळी तऱ्हा, दुकानदाराचा धंदा रस्त्यावरच्या त्या जागेवर चालतो, त्याला मागच्या बाजूचा गाळा नको असतो, दोन वर्षं बंद तर नकोच नको. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीचं गाडं अशाच दोन दुकानांपायी अडकलंय. मी तर बहिणीला सांगितलं की ही बिल्डिंग पुढची पंधरा वर्षं अशीच राहणार असं धरून चाल, तसं धरूनही घर परवडत आणि आवडत असेल तरच पुढे बोल.

अशीच राहणार म्हटल्यावर मग बिल्डिंगीची तब्येत आली. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी) करायचं असतं. ते केलंय का विचारा आणि रिपोर्ट मागा, नुसतं "केलंय" नको. २०१३ मध्ये शिळफाट्याला सात मजली पडली आणि ७४ माणसं गेली, ती तर नवीच होती, बांधकाम चालूच होतं. पण २०१५ मध्ये ठाकुर्लीत पडली ती जुनीच होती, आणि ठाकुर्ली म्हणजे आमचं पुढचं स्टेशन, तेव्हापासून इथल्या प्रत्येक जुन्या बिल्डिंगीत लोक भेगांकडे जरा नीट बघायला लागले.

स्वतः बघायच्या गोष्टी पण खूप आहेत. पावसाळ्यात जा, जमलं तर जुलैमध्येच. गच्चीवर जा, पत्र्याची शेड टाकलेली दिसली तर गच्ची गळत होती असं समजा (शेड टाकली हे चांगलंच, पण किती वर्षं गळल्यावर टाकली ते विचारा). गॅलऱ्यांच्या खालची बाजू बघा, तिथे सळया उघड्या पडलेल्या दिसतात. तळमजल्याचे कॉलम हाताने ठोकून बघा, प्लास्टर सुटलेलं असलं की पोकळ आवाज येतो. संडास-बाथरूमच्या डक्टमध्ये डोकावून बघायला कुणाला आवडत नाही, मलाही नाही, पण बिल्डिंगीचं खरं वय तिथेच कळतं, पाइप कुजलेले, पिंपळ उगवलेला. आणि सगळ्या बिल्डिंगीला ताजा रंग दिसला तर खूश होऊ नका, रंगाच्या आधी रिपेअर काय केलं, कॉलमला बाहेरून नव्या काँक्रीटचं जॅकेटिंग केलं की नुसतं पुट्टी भरून दिलं, बिलं कुठेयत ते सेक्रेटरीला विचारा. खालच्या मजल्यावर कुणी हॉल मोठा करायला भिंत पाडलीय का हे पण विचारा, विशेषतः बिल्डिंग लोडबेअरिंगची, म्हणजे भिंतींवरच भार असलेली, असेल तर.

सेक्रेटरी काकांशी गप्पा मारणं हा तर माझा आवडता भाग. एका ठिकाणच्या काकांनी आम्हाला कपाटातून फायली काढून दाखवल्या, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे) किती, एफडी कुठे, थकबाकीदार कोण, टाकी शेवटची कधी धुतली, सगळं तारखेसकट. दुसऱ्या ठिकाणचे काका दारातूनच म्हणाले "आधी व्यवहार करा मग बघू", आणि वर फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायचे, म्हणजे ट्रान्सफरचे, दीड लाख "डोनेशन". महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतो, २००१ चं परिपत्रक आहे, पण डोनेशन म्हटलं की कुणी विचारत नाही. तिथला फ्लॅट खरं तर जास्त छान होता. मी म्हटलं सोडून दे, या माणसाबरोबर पुढची वीस वर्षं मीटिंगला बसायचंय.

विकणाऱ्याचे कागद हा अजून एक मोठा विषय. जुन्या बिल्डिंगीत फ्लॅट तीन-चार हातांतून गेलेला असतो, बिल्डरने पहिल्या माणसाला दिलेल्या अॅग्रीमेंटपासून आजपर्यंतची पूर्ण साखळी लागते, नोंदणी केलेली. मधलं एखादं हरवलेलं निघतं किंवा स्टॅम्प कमी भरलेला, आणि बँक तिथेच फाइल थांबवते. दुसरी कायमची भानगड म्हणजे नॉमिनी. बाबा गेले, शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून चढलं, मुलगा घर विकायला काढतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, पुण्यात दिलेली बहीण आणि अमेरिकेतला भाऊ पण वारस आहेत, त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे. जुन्या डोंबिवलीत निम्म्या घरांची पोरं बाहेर आहेत, त्यामुळे हे फारच कॉमन आहे.

एरियाचं म्हणाल तर पूर्वेतही सगळं सारखं नाही. नांदिवलीत मठाच्या बाजूला मोठ्या पावसात पाणी भरतं. पश्चिमेत खाडीकडे मोठागाव, रेतीबंदरच्या बाजूला घर घेताना २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारावं, भिंतीवर हात ठेवून दाखवतात. एमआयडीसी निवासी भागात रस्ते रुंद, झाडं, शांतता, मला स्वतःला फार आवडतो, पण रात्री केमिकलचा वास येतो आणि मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट कुणी विसरलेलं नाही, काचा कुठल्या कुठे फुटल्या होत्या. पाण्याची वेळ आणि प्रेशर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला विचारायचं, तळमजल्यावरच्या माणसाला नाही, आणि मे महिन्यात टँकर मागवता का ते पण. समोरच्या रस्त्याची डीपीमध्ये (पालिकेच्या विकास आराखड्यात) रुंदी किती दाखवलीय ते बघा, नाहीतर उद्या रुंदीकरणात कंपाउंड आणि जिना जायचा.

पैशांचा हिशोब आम्ही कागदावर मांडला. नव्या बाजूला घर घेतलं तर दोघांचं शेअर रिक्षाचं रोजचं ८० रुपये धरलं तरी महिन्याला २००० झाले, शिवाय नव्या टॉवरचा मेंटेनन्स, शिवाय संध्याकाळी रिक्षाच्या लाइनीत उभं राहणं. जुन्यात ते वाचतं आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) पण खरं मिळतं, पण रिपेअरचा फंड कधीही एकदम लाख-दीड लाख मागू शकतो, तेवढे बाजूला ठेवायलाच हवेत. बँक ३० लाखांच्या वर ८० टक्केच देते, म्हणजे ४५ च्या घराला ९ लाख हातातले, वर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के आणि रजिस्ट्रेशन ३०,०००. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, म्हणजे ४५,००० वाचतात. हे सांगितल्यावर बहिणीचा नवरा जरा गप्प झाला आणि बहीण एकदम खूश. आणि बिल्डिंग जुनी असली की बँक उरलेलं आयुष्य बघून लोनची वर्षं कमी करते, मग ईएमआय वाढतो, हे आधी विचारून घ्यायचं, टोकन दिल्यावर नाही.

सध्या गाडी त्या फायलीवाल्या काकांच्या बिल्डिंगीवर येऊन थांबलीय. १९८७ ची, दुसरा मजला, ३८० कार्पेट, कन्व्हेयन्स झालेलं, ऑडिट दोन वर्षांपूर्वीचं. रस्ता अरुंद आहे, म्हणून रिडेव्हलपमेंटची आशा ठेवलेलीच नाही आणि भाव त्याच हिशोबाने मागितलाय. विकणाऱ्याच्या बहिणीचं हक्कसोडपत्र अजून व्हायचंय, ते होईपर्यंत टोकनच्या पुढे एक रुपया द्यायचा नाही असं लेखी ठरलंय. पुढच्या आठवड्यात बँकेचा व्हॅल्युअर येतोय, तो किती वर्षांचं लोन सांगतो त्यावर बाकीचं.