हॅप्लो ट्रान्सप्लांटनंतर: डोनरच्या टी पेशींना सांभाळताना

ल्युकेमियासाठी (रक्ताचा कर्करोग) माझं हॅप्लो, म्हणजे अर्ध्याच जुळणाऱ्या डोनरकडून, स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं. माझा डोनर सख्खा भाऊ, पण एचएलए (शरीर आपलं-परकं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा) अर्धंच जुळणारं. स्टेम सेल्सच्या (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) पिशवीतून त्याच्या टी पेशीही (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) येतात आणि पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं. उरलासुरला ल्युकेमिया त्याच मारतात. त्वचा, आतडं आणि यकृतावरही त्याच उठतात, म्हणजेच जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज). त्या सरसकट काढून टाकल्या तर रोग उलटण्याची आणि इन्फेक्शनची भीती वाढते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत फणफणून ताप येतो. कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवतात, अँटिबायोटिक सुरू होतं, पॅरासिटामॉल देतात; स्टेरॉइड मात्र शक्यतो टाळतात. नातेवाईक हटकून विचारतात, का? परकं शरीर ओळखलेल्या टी पेशी तेव्हा भराभर वाढत असतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध, किलोमागे 50 मि.ग्रॅ., नेमकं त्यांनाच झोडपतं. स्टेरॉइडने त्यांची वाढ आधीच थांबवली तर औषधाचा नेम चुकतो. स्टेम सेल्सकडे हे औषध निकामी करणारं एन्झाइम असतं, म्हणून त्या तरतात. मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून मेस्ना आणि भरपूर सलाइन चालू असतं. रात्री झोपेची आशा सोडा.

पाचव्या दिवसापासून टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट, ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल सकाळच्या डोसच्या आधी, मागच्या डोसनंतर 12 तासांनी बघतात. तपासणीसाठी रक्त द्यायच्या दिवशी गोळी घेऊन जाऊ नका, सोबत न्या. औषध शिरेतून चालू असेल तर त्याच ल्युमेनमधून (कॅथेटरची नळी) रक्त काढू देऊ नका; लेव्हल खोटी वाढलेली येते आणि डोस विनाकारण कमी होतो. व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झालं की लेव्हल चढते, बंद झालं की घसरते. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आपलं पपनसही. हात थरथरू लागले, बीपी चढलं किंवा मॅग्नेशियम उतरलं की मी आधी लेव्हलचा कागद बघायचो.

न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस मायक्रोलिटरमागे 500 च्या वर राहिले की पेशी रुजल्या म्हणतात. पेढे वाटायला हरकत नाही, पण जीव्हीएचडीची पाळत खरी आता सुरू होते. तळहात, तळपाय, कानामागची त्वचा रोज उजेडात बघायची. बोटांसकट आपला तळहात म्हणजे साधारण एक टक्का त्वचा; पुरळ त्या मापात सांगितलं की डॉक्टरांना ग्रेड ठरवता येते. जुलाब ‘चार-पाच वेळा’ असं सांगून भागत नाही, भांड्यात मोजा. दिवसाला 500 मि.लि.च्या वर गेले तर लगेच फोन. अर्थात प्रत्येक जुलाब जीव्हीएचडी नसतो, सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), सी. डिफिसाइल (आतड्यातला बॅक्टेरिया), खुद्द मायकोफेनोलेटही कारण असू शकतं, म्हणून स्टूल टेस्ट आणि लागली तर आतड्याची बायोप्सी. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) डेसिलिटरमागे 2 मि.ग्रॅ.च्या वर गेलं की यकृताचा संशय.

आतड्याच्या जीव्हीएचडीला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, बहुधा रोज किलोमागे 2 मि.ग्रॅ. तीन दिवसांत बिघडलं किंवा आठवड्यात उतार पडला नाही तर रुक्सोलिटिनिब या दुसऱ्या औषधाचा विचार होतो. स्टेरॉइडवर साखर चढते आणि झोपलेला सीएमव्ही जागा होतो. या व्हायरसची दर आठवड्याची पीसीआर चाचणी चुकवू नका.

गावाकडच्या हॉस्पिटलात रक्त किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली, तर पिशवी इररेडिएटेड (किरणांनी टी पेशी निकामी केलेली) आहे का ते लेबल वाचूनच होकार द्या. नाहीतर रक्तदात्याच्या जिवंत टी पेशी आत येतात आणि त्यांना आवर घालणारं आपल्याकडे अजून काही नसतं.