१०० टक्क्यांचा छेद

मुलीला आठवीत दुसऱ्या शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा आमच्यापुढे दोन अनुदानित शाळा होत्या. एकीच्या फाटकावर ‘दहावीचा निकाल १०० टक्के’ असा भला मोठा फ्लेक्स, दुसरीच्या फाटकावर काहीच नाही. फ्लेक्सवाल्या शाळेचा फॉर्म आणायला निघालोच होतो. पण तिथलाच शेजाऱ्यांचा मुलगा घरी बसून सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म भरत होता. नववीत नापास झाला आणि शाळेने दाखला हातात ठेवला.

आठवीपर्यंत सहसा कुणाला मागे ठेवत नाहीत, त्यामुळे खरी चाळणी लागते नववीत. सतरा नंबरवाला बोर्डाच्या हिशेबात खासगी विद्यार्थी. तो पास होवो की नापास, शाळेच्या टक्केवारीला धक्का नाही. मला निकाल नको होता, नववीत किती बसले आणि त्यातले दहावीपर्यंत किती पोचले, एवढंच हवं होतं. बोर्डाच्या निकालात ते दिसत नाही.

जानेवारीत दोन्ही शाळांना माहिती अधिकाराचे अर्ज केले. अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र ‘अ’, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लागतो. मी मात्र अर्धा अर्ज शिक्षणव्यवस्थेवर भाषण ठोकलं होतं, ते खोडलं. मुलांची नावं मागितली नाहीत. ती वैयक्तिक माहिती म्हणून सरळ नाकारता आली असती.

दुसऱ्या शाळेने आठवड्यात एक पान दिलं. बाईंनी पानाचे २ रुपयेसुद्धा घेतले नाहीत.

फ्लेक्सवाल्यांकडून आधी फोन. ‘तुम्हाला कशाला हवंय हे?’ कारण सांगायची कायद्यात गरज नाही, पण तोंडावर तसं म्हणायला जीभ रेटेना. मग २८व्या दिवशी पत्र: ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ चूक माझीच. मी तक्ता मागितला होता, आणि तयार नसलेला तक्ता बनवून द्यायला ते बांधील नाहीत. अपिलात वेळ घालवण्याऐवजी नवा अर्ज केला. यावेळी मागितलं ते शाळेत असतंच असं: नववीच्या निकालपत्रकातला शेवटचा गोषवारा आणि पुढच्या वर्षीची दहावीची पटसंख्या, तीन वर्षांची.

झेरॉक्स मिळाल्या. तिन्ही वर्षं नववीला तीन तुकड्या, दहावीला दोन. बाकीची मुलं कुठे गेली, ते कागदावर नव्हतं. काही बदली होऊन गेली असतील, सगळी शाळेनेच घालवली असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या शाळेत नववीच्या दोन तुकड्या दहावीलाही दोनच राहिल्या होत्या, आणि निकाल शंभराच्या बराच खाली.

मुलगी तिथेच जाते. पहिल्याच वर्षी गणिताचे सर दोनदा बदलले. ते अर्जात विचारायचं काही मला सुचलं नव्हतं.