महापुरातला मंगळवार आणि दुधाची बातमी

2019 च्या जूनमध्ये नवऱ्याची महावितरणमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात बदली झाली आणि आम्ही नाशिक सोडले. तेथील एका दैनिकात माझी काही वर्षांची नोकरी होती, ओळखी होत्या आणि मुलीला सांभाळायला आईही होती. कोल्हापुरात दुसऱ्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातमीदार म्हणून काम मिळाले, परंतु कोणत्या खात्यातला कोणता माणूस खरे बोलतो आणि रात्री उशीर झाला तर साडेतीन वर्षांची मुलगी कोणाच्या घरी जेवेल, या दोन्ही गोष्टी मला शून्यापासून उभ्या करायच्या होत्या.

वृत्तपत्राचा दिवस आणि लहान मुलाचा दिवस यांचे गणित मुळातच जुळत नाही. सकाळी पत्रकार परिषदा, दुपारी फिरती आणि संध्याकाळी सहानंतर खरे लिखाण सुरू होते. डाक आवृत्तीची, म्हणजे लांबच्या गावांसाठी लवकर छापल्या जाणाऱ्या अंकाची, पाने छपाईला सोडण्याची घाई नेमकी मूल भुकेलेले आणि पेंगुळलेले असते त्याच वेळी येते. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली होती. जिल्हा आवृत्तीच्या कार्यालयात मात्र शिपायापासून संपादकापर्यंत सगळे मोजले तरी हा आकडा क्वचितच भरतो, आणि भरला तरी रात्री अकरापर्यंत उघडे राहणारे पाळणाघर मी अजून पाहिलेले नाही. मंगळवार पेठेत आम्हाला घर भाड्याने देणाऱ्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात "पोरगी माझ्यापाशी राहील, तुम्ही बिनघोर जावा" असे सांगितले नसते, तर मी ती नोकरी जुलैतच सोडली असती.

6 ऑगस्टच्या मंगळवारी पंचगंगा पात्राबाहेर पडून बरेच दिवस झाले होते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरली जाते. पाणी केव्हाच पन्नाशीच्या पुढे गेले होते आणि पुढल्या दोन दिवसांत ते 55 फूट ओलांडणार होते. नवरा शिरोळ तालुक्यात होता. उपकेंद्रांत पाणी शिरण्याआधी वीजपुरवठा बंद करण्याचे काम तिकडे चालू होते आणि त्याचा फोन कधी लागे, कधी लागत नसे.

सकाळी मुलीसाठी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, गाडीच आली न्हाई. उद्याचंबी काय सांगता येत नाही." ज्या जिल्ह्याच्या दुधावर मुंबई-पुण्याचा चहा होतो, तेथे शहराच्या मध्यावर अर्धा लिटर दूध मिळू नये, हे ऐकून माझ्यातली आई धास्तावली आणि बातमीदार जागी झाली, खोटे कशाला सांगू, दोन्ही एकदमच झाले. काकूंनी आदल्या दिवशीच्या नागपंचमीची उरलेली दिंडे गरम करून मुलीची वेळ भागवली. मी तेथेच ओट्यावर बसून फोन लावू लागले. नदीकाठच्या गावांचे रस्ते पाण्याखाली गेल्याने संकलन अडले होते आणि शिरोलीजवळ महामार्गावरही पाणी आल्याने टँकर बाहेर पडू शकत नव्हते. थोडक्यात, गावातले दूध गावात अडकले होते आणि शहरातली पोरे दुधावाचून होती. यातले पहिले दोन दूरध्वनी क्रमांक मला काकूंकडूनच मिळाले, कारण त्यांचा भाचा एका गावच्या दूध संस्थेत सचिव होता. कोणत्याही जनसंपर्क अधिकाऱ्याने ही माहिती इतक्या लवकर आणि इतक्या सरळ दिली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी शिवाजी पुलाच्या अलीकडे गेले. चिखली आणि आंबेवाडीतून लोकांना बोटींनी बाहेर आणले जात होते. एका बोटीतून माझ्याच वयाची एक बाई उतरली. कडेवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे होती. माइक आणि कॅमेरे घेऊन उभे असलेले इतर सहकारी तिला पाणी किती चढले ते विचारत होते आणि ती कोणालाच उत्तर देत नव्हती. मी मुलाने काय खाल्ले ते विचारले. तेव्हा ती थांबली. "दारात चार म्हशी हायत आणि पोरगं कालपास्नं कोऱ्या चहावर हाय," ती म्हणाली. पाणी गोठ्यात शिरल्यावर जनावरे उंचावरच्या एका घराच्या अंगणात नेऊन बांधली होती. वैरण भिजली, धारा आटल्या आणि जे निघाले ते वासरांना पाजावे लागले. "आमचं मालक तिथंच ऱ्हायल्यात. म्हशी सोडून यायला तयार न्हाईत." अनेक घरांतले पुरुष गाव का सोडत नाहीत, याचे उत्तर प्रशासनाच्या निवेदनात नव्हते, ते या बाईने उभ्या उभ्या दिले. जाताना तिने विचारले, "तुमचं ल्हान कुणापाशी?" मी सांगितले. "मग लवकर लिवा आन् घरला जावा," ती म्हणाली.

लवकर घरी जाणे अर्थातच झाले नाही. आदल्या दिवशी कलम 370 चा निर्णय जाहीर झाल्यामुळे पहिल्या पानावर काश्मीर होते आणि उरलेल्या जागेत महापूर बसवायचा होता. डेस्कवरील ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे पडले, "मॅडम, किती फूट आणि किती लोक हलवले ते आधी द्या, दुधाचे नंतर पाहू." पातळीचा आकडा वाचकाला मोबाइलवर दर तासाला मिळत होता, दूध का नाही हे मात्र कोणीच सांगत नव्हते, असा वाद मी घातला आणि चार कॉलम मिळवले. साडेआठला काकूंना फोन केला, तर मुलीने हातातून फोन ओढून घेतला आणि "आई, तू बोटीत बसलीस का?" एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस संपला.

रात्री उशिरा सुषमा स्वराज यांच्या निधनाची बातमी आली आणि लावलेले पहिले पान पुन्हा मोडले. त्या उलथापालथीत माझी बातमी दोन कॉलमांची होऊन आतल्या पानावर गेली. त्या रात्री ते योग्यच होते. चार कॉलमांसाठी दुसऱ्यांदा भांडायला माझ्यात त्राणही नव्हते.

बुधवारी सकाळपासून कार्यालयात सर्वाधिक फोन दुधाविषयी आले. दुपारच्या बैठकीत कोणत्या पेठेत दूध किंवा दूध पावडर मिळते याची रोजची चौकट करायचे ठरले आणि ती माझ्याकडे आली. पहिल्या चौकटीतील निम्मी माहिती काकू आणि त्यांच्या भिशीतल्या बायकांनी फोनवरून गोळा करून दिली. मी प्रत्येक ठिकाणी फोन लावून खात्री केली आणि त्या आठवड्यात प्रथमच संध्याकाळी सातच्या आत घरी पोहोचले.