दर महिन्याला एक मोडी कागद

सहा वर्षे बंद पडलेले माझे मोडी या मराठीच्या जुन्या लिपीच्या वाचनाचे मासिक पत्रक गेल्या वर्षीपासून पुन्हा निघू लागले आहे. पहिल्या पानावर मूळ कागदाची छायाप्रत, आत ओळीखाली ओळ असे देवनागरी लिप्यंतर आणि शेवटी अडलेल्या शब्दांचा खुलासा, एवढाच या चार पानांचा ऐवज. ते बंद केले तेव्हा टपालखर्च वाढला, नोकरीतून सवड मिळत नाही, अशी कारणे मी सांगितली होती. खरे म्हणजे वर्गणीदार गळत होते आणि ते का गळतात हे पाहण्याची माझी तयारी नव्हती.

पुन्हा सुरुवात करण्यापूर्वी जुने अंक काढून वाचले, तेव्हा कारण लपून राहिले नाही. बहुतेक सगळे कागद पेशवाईतील राजकारणाचे आणि खुलासे माझ्या हौसेचे होते. एका अंकात शुहूर सनावर, म्हणजे जुन्या कागदांतल्या अरबी शब्दांत लिहिलेल्या कालगणनेवर, मी पाऊण पान खर्ची घातले होते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. शुहूर सनाच्या अरबी शब्दांत ते वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१ असे येते. हे साल मृगापासून सुरू होत असल्यामुळे जानेवारीसाठी त्यात ६०० मिळवायचे आणि मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९. हा हिशेब मला आजही मोहवतो, परंतु ज्याला मोडीतला 'क' अजून ओळखता येत नाही त्याने त्याचे काय करावे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. मराठा आरक्षणाच्या त्या वादात मला येथे शिरायचे नाही. माझ्यापुरते घडले ते असे, की सासवडकडचे एक वृद्ध शेतकरी घडी विरलेले खरेदीखत घेऊन घरी आले आणि म्हणाले, "सगळं नका वाचू, आमच्या आज्याचं नाव कुठं लिहिलंय तेवढं बोट ठेवून दाखवा." मी दाखवले, त्यानंतर ते बराच वेळ त्या तीन अक्षरांवर स्वतःचे बोट फिरवत बसले होते.

पत्रकाची नवी मांडणी त्या बोटावरून सुचली. आता कागद वाचकांच्याच ट्रंकांतून येतात: गहाणखत, फारखत (हक्क सोडल्याचा लेख), वाटणीपत्र. अंकात आधी त्यातली नावे मोठ्या आकारात सुटी करून दाखवतो आणि शेवटच्या चार ओळींचे लिप्यंतर मुद्दाम कोरे ठेवून पुढच्या महिन्यात देतो. यात अडचण एकच, पण मोठी आहे. घराघरांतले बहुतेक कागद इंग्रजी अमदानीतले असतात, आणि बोरूऐवजी टाकाने (धातूच्या निबाच्या लेखणीने) घाईघाईत लिहिलेले हे अक्षर पेशवेकालीन वळणदार मोडीपेक्षा कितीतरी अवघड असते. म्हणून दर तिसऱ्या अंकात एक स्वच्छ पेशवेकालीन पत्र सरावासाठी देतो. हौसेला तेवढी वाट ठेवली आहे.

प्रती कोठे ठेवाव्यात यालाही महत्त्व आहे हे उशिरा कळले. पूर्वी मी त्या अभ्यासकांना पाठवीत असे. आता तालुक्याच्या वाचनालयात आणि मुद्रांक विक्रेत्यांच्या टेबलावर ठेवतो, कारण जुना कागद हातात घेऊन गोंधळलेला माणूस प्रथम तेथेच जातो. नवे वर्गणीदार मुख्यतः याच दोन ठिकाणांहून आले.

हे वाचक माझ्या चुकाही काढतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, अनुस्वार अनेकदा गाळलेला असतो आणि शब्द सुटे नसतात. एका शेताचे नाव मी 'कुडीचे' असे छापले, तर त्याच गावच्या शिक्षिकेने ते 'कुंडीचे' असल्याचे आणि दगडी कुंडी अजून बांधावर असल्याचे कळवले. दुरुस्ती पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापली.

येत्या अंकासाठी एक गहाणखत लावून झाले आहे. आठव्या ओळीतला एक शब्द मात्र मला लागलेला नाही. त्याची जागा मोकळी ठेवूनच अंक छपाईला देत आहे.